दादाचं भान

माझा दादा रामनगरला राहतो. म्हणजे गंगेच्या पलीकडे, पूल ओलांडला की. रस्ता मोकळा असला तर ऑटोनं तासाभरात पोचता येतं. तरी कुणी विचारलं की तुमच्या घरी आणखी कोण असतं, तर मी जराशी अडखळते. "एक भाऊ आहे, बाहेर असतो," असं म्हणून विषय संपवते. बनारसच्या पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आमच्या कित्येक पिढ्या गेल्या. आमच्या इथल्या मराठी लोकांतली मुलं पुण्याला जातात, बंगळूरला जातात, आता परदेशीही जातात. पण इथं स्वतःचं घर असताना रामनगरला भाड्याच्या खोलीत कुणी जाऊन राहत नाही. त्यामुळे पुढचा प्रश्न येतोच, आणि तो मला टाळायचा असतो.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मला पोहायला त्यानंच शिकवलं, पंचगंगा घाटावर. बाबा घाटावर पूजा सांगायचे, त्यांना वेळ नसायचा. बाकीच्या मुलींचे भाऊ त्यांना पाण्यात धरायचे आणि गुपचूप हात काढून घ्यायचे. मग त्या नाकातोंडात पाणी जाऊन रडायच्या. दादानं तसं कधी केलं नाही. तो सांगायचा, "आता मी हात काढतोय. कळलं?" मी हो म्हटल्याशिवाय त्याचा हात माझ्या पोटाखालून हलायचा नाही. मला आजही पाण्यात उतरलं की पोटाखाली तो हात आठवतो.

हाच दादा लोकांना मारायचा.

पहिल्यांदा मी पाहिलं ते पतंगावरून. एका मुलानं त्याचा पतंग कापला आणि वर चिडवलं. दादानं त्याला गच्चीच्या भिंतीशी दाबून इतकं मारलं की त्याच्या नाकातून रक्त आलं. आई त्या मुलाच्या घरी जाऊन हात जोडून आली. "राग आला की त्याला भान राहत नाही हो," असं तिनं सांगितलं. पुढे हे वाक्य आमच्या घरात कायमचं झालं. एखाद्याला दूध पचत नाही, एखाद्याला थंडी सोसत नाही, तसं दादाला भान राहत नाही. मग आम्ही त्याप्रमाणे घर चालवायला शिकलो. त्याचा चहा उशिरा होऊ द्यायचा नाही. रिक्षावाल्याशी भाडं आम्ही आधीच ठरवायचं, त्याला बोलू द्यायचं नाही. पाहुण्यांना कोपऱ्यात घेऊन सांगायचं की त्याच्याशी अमुक विषय काढू नका. सगळे काही ना काही शिकत होते. एक दादा सोडून.

आणि राग उतरला की त्याच्यासारखा मऊ माणूस नाही. ज्याला मारलं त्याच्या घरी मिठाई घेऊन जायचा. हिवाळ्यात सकाळी उठून माझ्यासाठी मातीच्या कुल्हडमधून दुधाच्या फेसाची मलइयो आणायचा, फेस बसायच्या आत घरी पोचावं म्हणून गल्लीतून पळत यायचा. कधी कधी रडायचा. तो रडला की आम्ही सगळे त्याचीच समजूत काढायचो. मार खाल्लेला माणूस तोवर कुणाच्या लक्षातही नसायचा.

त्याला रेल्वेत फिटरची नोकरी लागली. लग्नाची बोलणी दोन-तीनदा झाली, पण बनारसमधली मराठी घरं ती किती, त्याच्या रागाची बातमी त्याच्या आधी पोचायची. मीही शिकवायला लागले होते, मुलींच्या शाळेत संस्कृत. माझं लग्न राहूनच गेलं. बाबा गेल्यावर आई, दादा आणि मी, असे तिघंच उरलो.

गल्ली जिथे संपते आणि घाटाच्या पायऱ्या सुरू होतात, तिथे एका नावाड्याचं घर आहे. तो दादाच्याच वयाचा. लहानपणी दोघं एकत्र बुरुजावरून नदीत उड्या मारायचे. तो दादाला 'गुरु' म्हणायचा, बनारसमध्ये सगळेच एकमेकांना म्हणतात तसा, आणि मला 'बहिनी'. बाबांची तिरडी उचलायला तोही होता.

ते थंडीचे दिवस होते. आमच्या गल्लीत ऊन फार थोडा वेळ येतं आणि ते नेमकं आमच्या दारासमोर पडतं. नावाड्यानं आपल्या नावेचं इंजिन वर आणून त्या उन्हात खोललं होतं. काळं तेल आमच्या पायरीपर्यंत ओघळलं होतं. आई दर्शनाला निघाली आणि तिचा पाय जरासा घसरला. पडली नाही, पण दादानं पाहिलं.

मी भाजी घेऊन परत येत होते. दादा दारात उभा होता.

"हे उचल इथून," दादा म्हणाला.

"दस मिनट, गुरु," नावाडी मान वर न करता म्हणाला.

"उचल म्हणतोय ना."

नावाडी हसला. "गल्ली तुझ्या बापाची आहे का?" असं काहीतरी तो म्हणाला. हे वाक्य त्या दोघांनी एकमेकांना आयुष्यभर ऐकवलेलं होतं. पण बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

दादानं चष्मा काढला. दोन्ही काड्या नीट मिटल्या. एरवी तो शर्टाच्या खिशात ठेवायचा, पण त्या दिवशी त्यानं स्वेटर घातला होता, त्याला खिसा नव्हता. त्यानं वळून पाहिलं, मी दिसले. "धर," म्हणाला, आणि चष्मा माझ्या हातात दिला. मी तो घेतला. कुणी वस्तू पुढे केली की आपण घेतो, तसा. मग तो वाकला आणि इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल त्यानं उचललं.

पहिला घाव दंडावर बसला. दुसरा चुकवायला नावाड्यानं हात आडवा धरला, तो कोपरावर बसला. तो आवाज मी सांगणार नाही. नावाडी गल्लीच्या टोकापर्यंत मागे सरकत गेला आणि घाटाच्या पायरीवरून त्याचा तोल गेला. पंचगंगेच्या पायऱ्या किती उभ्या आहेत ते ज्यानं पाहिलंय त्याला कळेल. खालच्या फरशीवर तो पडला तेव्हा तो ओरडतही नव्हता.

हँडल टाकून सगळ्यांत आधी खाली धावला तो दादाच. त्यानंच त्याचं डोकं मांडीवर घेतलं, त्यानंच लोकांना हाका मारल्या. नावाड्याला घेऊन लोक गेले आणि दादा वर आला. त्याच्या स्वेटरला रक्त लागलं होतं. "मला भान राहिलं नाही गं," तो म्हणाला. मी चष्मा पुढे केला. त्यानं तो लावला आणि आत जाऊन बसला.

दुपारी पोलीस आले. ठाण्यातल्या एक बाई दरोगा होत्या, माझ्याहून लहान असाव्यात. त्या आधी दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. दादाला त्यांच्यासोबतच्या शिपायानं बाहेर नेऊन बसवलं. आईनं चहा केला, त्यांनी तो घेतला नाही. त्यांचं बोलणं हिंदीत झालं, मी आपल्या भाषेत सांगते.

आईनं तिचं नेहमीचं वाक्य सांगितलं. मुलगा वाईट नाही, पण राग आला की त्याला भान राहत नाही.

"नोकरीवर कधी साहेबावर हात उचलला?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"एखाद्या पोलिसावर?"

"छे, नाही."

"वडिलांवर?"

आई दचकलीच. "असं कसं विचारता? वडिलांसमोर तो मोठ्यानं बोलायचा नाही."

"मग भान राहतं की, माताजी," बाई म्हणाल्या. आवाजात चीड नव्हती. हेच त्या बऱ्याच घरांतून बोलून आल्या असाव्यात. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कुठे होतात?"

"दारातच."

"त्यानं मारलं तेव्हा तुमच्या हातात काय होतं?"

"भाजीची पिशवी," मी म्हटलं. मग म्हटलं, "आणि चष्मा."

"कुणाचा?"

आई माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं आणि माझी सही घेतली.

त्या गेल्यावर आई म्हणाली, "पिशवी होती एवढंच सांगितलं असतंस तर काय झालं असतं?" मला तिचा राग आला नाही. तिनं आयुष्यभर त्याच्यासाठी एवढंच केलं होतं, एखादी गोष्ट थोडी कमी सांगायची. दादासाठी केलेल्या वकिलांनीही तेच सुचवलं. एकदम संतापाच्या भरात घडलं असं म्हणता येईल, चष्म्याचं तेवढं कोर्टात सोडून द्या, एवढ्या गडबडीत कुणाला आठवतं.

मी दवाखान्यात गेले. नावाड्याच्या हातात सळई घातली होती, डोक्याला टाके होते. त्याची बायको उठून बाजूला झाली, माझ्याशी बोलली नाही. तो मात्र बोलला. "बहिनी, तू तिथेच होतीस ना," एवढंच म्हणाला. मी हो म्हटलं. तो हात पुढे कधी सरळ झाला नाही. कोपरातून वाकडा तो वाकडाच राहिला. वल्हं त्याला धरता येत नाही, इंजिनाची नाव कशीबशी चालवतो.

दादा जामिनावर घरी आला. खटला उभा राहीपर्यंत आम्ही तिघं एकाच घरात राहिलो, एकत्र जेवलो. माझी साक्ष दुसऱ्या दिवशी होती तेव्हा जेवताना त्यानं विचारलं, "तू काय सांगणार आहेस?"

"जे झालं ते."

"मग काय होईल ते तुला माहीत आहे."

"हो."

त्यानं वरणभात कालवला. "ताक आहे का?" एवढंच विचारलं. तो माझ्यावर आयुष्यात एकदाही चिडला नव्हता. त्या दिवशी तो ओरडला असता, ताट फेकलं असतं, तर मला सोपं गेलं असतं.

कोर्टात मी सांगितलं. शिक्षा झाली, तीन वर्षांची सक्तमजुरी. नोकरी गेली. नेताना त्यानं आईकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

तुरुंगात भेटीला आम्ही दोघी जायचो. तो आईला भेटायचा, मला भेटायला नको म्हणायचा. मी बाहेरच्या बाकावर बसायचे. आई बाहेर आली की मी तिच्या तोंडाकडे बघायचे. "वाळलाय," ती सांगायची. किंवा, "दाढी वाढवलीय." एकदा संक्रांतीला मी तिळाचे लाडू दिले होते. "कुणी केले ते त्याला सांगितलं," आई म्हणाली. "मग?" "खाल्ले." त्या एका शब्दावर मी बरेच दिवस काढले.

घर शांत झालं होतं, हे खरं आहे. चहाला उशीर झाला तरी छातीत धडधडत नव्हतं. आई दार लावताना आवाज होऊ द्यायला घाबरत नव्हती. मला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय म्हणून वाईट वाटायचं. मला दादा हवा होता, पण अर्धाच. मलइयो घेऊन पळत येणारा, हात काढण्याआधी सांगणारा. दुसरा अर्धा तुरुंगातच राहू दे, असं मनात यायचं. पण माणूस असा वाटून मिळत नाही. संध्याकाळी शाळेच्या वह्या तपासताना गल्लीत पावलं वाजली की मी मान वर करायचे. त्याची चाल मला ओळखू यायची. ती पावलं त्याची नसायची.

आई त्याच्या सुटकेची वाट बघतच गेली. दुपारी जेवून पडली ती उठली नाही. वकिलांनी धावपळ करून परवानगी मिळवली आणि दादाला पोलीस बंदोबस्तात मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर आणलं. दोन शिपाई होते. त्याच्या मनगटाला बांधलेली दोरी वयस्कर शिपायानं सोडली. "पळणार नाहीस ना?" असं त्यानं विचारलंही नाही, नुसतं दोरी गुंडाळून बगलेत धरून बाजूला उभा राहिला. दादानं अग्नी दिला. त्याचे केस पांढरे झाले होते. वरच्या पायऱ्यांवर गल्लीतली माणसं होती, त्यांत नावाडीही होता, आपला वाकडा हात पोटाशी धरून. दादानं त्याला पाहिलं आणि मान खाली घातली.

मग तो माझ्याजवळ आला. एवढ्या काळात पहिल्यांदा.

"सकाळपासून काही खाल्लंस का?"

"नाही."

"आईला शेवटी त्रास झाला?"

"नाही. झोपेतच गेली."

तो वयस्कर शिपाई जरा वेळानं दोन कुल्हड चहा घेऊन आला. न सांगता. आम्ही उभ्या उभ्या तो प्यायलो. मला पुष्कळ विचारायचं होतं, पण चिता धडधडत होती, आणि मग त्यांची निघायची वेळ झाली.

त्याच्या सुटकेच्या आधी मी त्याची खोली झाडली, गादीला ऊन दिलं, नवा पंचा आणला. ठरल्या दिवशी तुरुंगाच्या दाराशी गेले, तर आतून कळलं की वागणुकीची सूट मिळून तो आधीच सुटला. कुठे गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी पुण्याच्या नातेवाइकांना फोन केले. कुणाकडेच आला नव्हता. त्या दिवसांत मी घराच्या दाराला आतून कडी लावत नसे.

काही आठवड्यांनी नावाड्यानं मला गल्लीच्या तोंडाशी थांबवलं.

"बहिनी, गुरु आला होता."

"कुठे? घरी नाही आला."

"नदीकडून आला. नावेतून उतरला, खालच्या पायरीवर बसला. मी नाव बांधत होतो."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, लोक सांगतात मला भान नव्हतं. भान होतं. मी काय करतोय ते मला माहीत होतं."

"मग तू?"

"मी काय म्हणणार? माफ तर मी केलं नाही. तसं त्याला सांगितलं. पण हेही सांगितलं की आज पहिल्यांदा खरं बोललास." मग तो म्हणाला, "रामनगरला आहे. लेथच्या दुकानात काम करतो."

पुढच्या रविवारी मी गेले. चौकातून आत एका गल्लीत ते दुकान सापडलं. दादा मशीनवर वाकला होता, भोवती लोखंडाचा चुरा पडला होता. मला पाहून त्यानं मशीन बंद केलं, स्टूल पुसलं, "बस" म्हणाला. मी काल आले होते आणि आज परत आले, असं वाटावं तसं.

तुरुंगात एक समुपदेशक यायचे, ते त्यानं त्या दिवशी सांगितलं. त्यांनी एकदा सगळ्यांना विचारलं होतं, तुम्ही कुणाकुणाला मारलं ते नका सांगू, कुणाला कधीच मारलं नाही ते सांगा. "मी सांगत गेलो," दादा म्हणाला. "बाबा. साहेब. पोलीस. तू. सांगता सांगता माझं मलाच कळलं. जिथे चालणार नव्हतं तिथे मी कधी हात उचललाच नव्हता."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. काल नेलेला शाफ्ट बसत नाही म्हणून तो माणूस ओरडायला लागला. दादाला त्यानं आईवरून शिवी दिली. दादाच्या मानेवरची शीर मला दिसत होती, ती मी लहानपणापासून ओळखते. दादानं हातातला पाना खाली ठेवला, मागच्या बाजूला गेला आणि हापशाखाली डोकं धरलं. ते गिऱ्हाईक माझ्याकडेच बघायला लागलं. दादा ओल्या डोक्यानं परत आला आणि म्हणाला, "आणा, बघतो." शाफ्ट घासून दिला.

तो माणूस गेल्यावर मी म्हटलं, "आता नाही येत राग?"

"येतो. तेवढाच येतो," दादा म्हणाला. "कधी कधी वाटतं, आज नाही जमायचं. मग दुकान बंद करून नदीवर जाऊन बसतो. मालक ओरडतो."

मी त्याला घरी चल म्हटलं. मी एकटी असते, खोली तशीच आहे, सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"त्याच्या दारावरून जावं लागतं," तो म्हणाला. "त्यानं रोज मला बघावं का? आणि तिथे सगळ्यांना माझ्या रागाची सवय आहे. मी आलो की परत सांभाळून घेतील. इथे कुणी सांभाळून घेत नाही. इथे मलाच बघावं लागतं."

"मी नाही सांभाळून घेणार."

तो हसला. किती वर्षांनी. "तू नाहीच घेतलंस," तो म्हणाला.

हे बोलणं झाल्याला आता बराच काळ लोटला. मी महिन्यातून एक-दोनदा जाते. कधी पुरणपोळी नेते, कधी नुसतीच जाते. तो मला दुकानात बसवतो, चहा सांगतो, शाळेचं विचारतो. आम्ही आईबद्दल बोलतो. परत यायला निघाले की ऑटोपर्यंत सोडायला येतो, ऑटोवाल्याला सावकाश चालव म्हणून सांगतो. पूल ओलांडताना मला दर वेळी वाटतं की अजून थोडं बसायला हवं होतं. घरी आले की दिवा लावते आणि दोन माणसांचा भात टाकते, उरतो तो सकाळी फोडणीला घालते.

गणपती घरी बसतो, पण आरतीला आता शेजारच्या दोन घरांतली माणसं येतात तेवढीच. मुलं मराठी आरत्या मोबाईलवर बघून म्हणतात आणि आपसात हिंदीत बोलतात. दादाचा आवाज चांगला होता, शेवटचं कडवं तो एकटा ओढायचा. यंदाही मी त्याला बोलावलं. तो आला नाही. विसर्जनानंतर मी मोदकांचा डबा घेऊन गेले. त्यानं उभ्यानंच दोन खाल्ले, सारणात वेलची जास्त झाली म्हणाला.

"पुढच्या वर्षी ये," मी म्हटलं.

"बघू," तो म्हणाला.

बाबा 'बघू' म्हणाले की त्याचा अर्थ 'नाही' असायचा. आई म्हणायची तेव्हा 'हो' असायचा. दादाच्या 'बघू'चा अर्थ काय, ते मला अजून कळलेलं नाही.